पानी कोनी लावलं

पौड, एस.टी. स्टँडामागं
बुधवार

प्रिय लीला,

पत्र बघून दचकू नकोस, कुनी गेलेलं न्हाई. मी बी धड हाय, डावा खांदा सोडला तर. फोनच करनार व्हती. पन फोनवर तू नुसती "हां अक्का, बरं अक्का" करतीस, मागनं तुज्या खोल्यांची पान्याची मोटर सुरू व्हती, कुना भाडेकरूचं "आंटी, लाइट गेली" सुरू व्हतं, आन माझं बोलायचं तोंडात ऱ्हाऊन आपुन कोथिंबिरीचा भाव बोलून फोन ठेवतो. म्हनून लिहायला बसलीय. माझी शाळा चौथीची. काना-मात्रा हुकला तर तुझं तू सरळ करून घे. एका बैठकीत व्हनार न्हाई हे. हात भरून आला की ठेवीन, परत धरीन.

कामाचं आधी. वाल्मीकला रंग मारायला पाठव. दोनदा सांगून झालं. पयल्यांदा इलाहीभाई तुमच्या माणला रंगाचा माल टाकायला आले तवा त्यांच्या तोंडी, दुसऱ्यांदा मी सवताच फोन केला आन तू त्याच्या हातात दिलास. काय म्हनला ते तू ऐकलंसच. "वैनी, माज्या हाताला यश न्हाई, दुसरा मानूस बघा." संपलं. बावीस वर्सं झाली, एकच वाक्य. तू दिवाळीला सांगितलंस की तुमच्या सवताच्या फाटकाला सुदा त्यानं ब्रश लावला न्हाई, पैसे देऊन बाहेरचा मानूस आनला. मला तवापासनं ते फाटक डोळ्यासमोर येतंय, अजून बघितलं बी न्हाई तरी. ज्याच्या हातनं पयला हात मारून घ्यायला दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टरवाले खोळंबून ऱ्हायचे, "वाल्मीकचा हातगुन हाय, त्यालाच मारू द्या, दुसरा नको" म्हनायचे, तो मानूस कंपनीच्या गेटवर येनाऱ्याजानाऱ्याच्या पिशव्या उघडून बघत म्हातारा झाला. आता गुडघ्यापायी तेबी सुटलं. नुसता बसलेला असतो म्हनतीस. त्यानं एकदा तरी हातात रंगाची गन धरावी, एवढंच माझं हाय. बाकी समदं त्यापायीच लिहितीय, लांबलं तर कुरकुर करू नको.

गाडी कुठली ते त्याला सांगितलेलं न्हाई. तुला सांगते. डॉक्टरांची, फायबरची. व्हय, तीच. जिच्यापायी तुमी पौड सोडलं. डॉक्टर जाऊन दोन वर्सं झाली. मुळशीला धरनाकडंला त्यांचा बंगला हाय, तितं गाडी ताडपत्रीखाली पडून व्हती. कोंबड्या आत अंडी घालायच्या म्हने. त्यांची पोरगी अनुष्का दिवाळी झाल्यावर टेंपोत घालून घेऊन आली. लहानपनी बापाच्या मांडीवर बसून स्टेरिंग धरायची, आता चष्मा लावती आन शंभर फोटो काढती. मला म्हनती, "काकू, ही व्हिंटेज आहे." मी म्हटलं, बाई, मी बी व्हिंटेज हाय, मला कोनी ताडपत्रीत ठेवीना. हसली. पोरगी वाईट न्हाई, पन उजेडात उभी ऱ्हाती. दहादा सांगितलं, फोटो काढ, सावली पाडू नको.

मी न्हाईच म्हननार व्हती. आमचे मालक गेल्यापासनं मोठं काम घेत न्हाई. कुनाचं मडगार्ड, कुनाचा दरवाजा, तेवढंच. सकाळी उठती ती दमलेलीच उठती, रात्रभर पोती वाहिल्यागत. पन तिनं ताडपत्री वडली, मला ते बॉनेट दिसलं, आन तोंडातनं "ठेव" निघालं. का निघालं ते तवा मला बी कळलं न्हाई.

महिना झाला घासतीय. फायबरचं तुला ठाऊकच हाय, घाई चालत न्हाई. आधी साबनानं धुतली, काचांची रबरं काढली, दिवे काढले, मग ऐंशी नंबरचा पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून सुका घासत बसली. वर आपलाच मरून, उन्हानं इटकरीगत झालेला. त्याखाली प्रायमर, त्याखाली कंपनीचा पिवळा, त्याखाली फायबरची सवताची गुळगुळीत साय. त्या सायीवर थांबायचं. साय फाटली की खालनं धागे निघतात आन मग ते कितीबी भरा, वरच्या रंगातनं दिसतंच. इलाहीभाई रोज दुकान उघडायच्या आधी येऊन बघतात. "रंभाताई, मशीन घ्या की, दोन दिसात मोकळ्या व्हाल. ह्या वयात काय लावलंय?" मी म्हटलं, मशीननं फायबर तापतं, कडा खातं, तुमी पेपर इका, मला शिकवू नका. तर म्हनतात, "मग पानी लावा थोडं, कुनाला कळतंय?" चेष्टेनंच म्हनले. मी ठोकळा आपटला. असा आपटला की त्यांच्या हातातला चहा सांडला. बिचारे गप निघून गेले. दुसऱ्या दिवशी नानकटाई घेऊन आले, तरी मी सांगितलं न्हाई काय झालं ते.

पानी. बघ ना, किती साधा शब्द. रंग काढायच्या औषधाला साऱ्या जगात काय म्हनतात मला ठाऊक न्हाई, आपल्या गॅरेजात पानीच म्हनायचे. मालकांचा शब्द. "दरवाज्याला पानी लाव" म्हटलं की मोरीतलं न्हवं, त्या हिरव्या डब्यातलं. पत्र्यावर लावा, दहा मिनटात रंग फुगतो, पत्रीनं वडला की खाली चकचकीत पत्रा. आन फायबरला लावलं तर फायबरच खातं. मालक नव्या मानसाला पयल्या दिवशी हेच सांगायचे, "पत्र्याला पानी, फायबरला पेपर." तुला बी सांगितलं असंल.

तुझं पयलं फायबरचं काम आठवतंय का? कुनाच्या तरी जीपचं टप व्हतं. लग्नाला दोन महिने झालेले. अंगाला खाज सुटली म्हनून तू कढत पान्यानं आंघोळ केलीस आन मोरीतनं वरडत भाईर आलीस, "अक्का, मला मुंग्या चावल्या!" फायबरची भुकटी कढत पान्यानं अंगात मुरती, गार पानी घ्यायचं, आधी खोबरेल लावायचं, हे मला वीस वर्सं ठाऊक व्हतं. मी मुद्दाम सांगितलं न्हवतं. थोरल्या जावंनं धाकटीला एवढं बी करू नये तर मग जाऊ कशाला म्हनायचं? तू चार दिस बोलली न्हाईस. मग एक दिस मला म्हनलीस, "अक्का, तुमच्या पाठीवर खोबरेल लावू का, तुमचा हात पोचत न्हाई." तवापासनं मी तुला मानली. सांगितलं कधी न्हाई.

पाच वर्सं आपुन दोघींनी एक एक गाडी घासली. तू त्या बाजूला, मी ह्या बाजूला. मालक एका दरवाज्यावर आपल्याला कधी बसवायचे न्हाईत, कारन मी डावरी. म्हनायचे, "दोघींच्या रेघा एकमेकींना काटतात, प्रायमरला त्रास." माझी घास लांबनं वळखू यायची त्यांना. वाल्मीकला बी. बारीक असताना मला चिडवायचा, "वैनी, तुमी देवाला फुलं बी उलटीच वाहता." मी लग्न हून आली तवा तो सहा वर्सांचा व्हता. सासूबाई अंथरुनाला खिळलेल्या. त्याचं नाक पुसलं, त्याच्या उवा काढल्या, शाळेत घातला तर पळून गॅरेजात यायचा. पयली गन धरली तवा चौदाचा असंल. मी पदर तोंडाला लावून बघत व्हती. एकसारखा हात. पोराला जसं चालता येतं तसं त्याला रंग मारता यायचा, शिकवावं लागलं न्हाई. मला पोर न्हाई झालं हे तुला ठाऊक हाय, त्याचं मी कधी बोलत न्हाई. बोलायचं कारनच न्हवतं, तो व्हता.

हात दुखतोय. थांबते.

गुरुवार. परत धरलं.

आता त्या दिसाचं. तुला वाटंल तुला समदं म्हाईत हाय. तू तवा गाडीत व्हतीस, माणवरनं येनाऱ्या एस.टी.त, दिशाला घेऊन. तीन महिन्यांची पोर पयल्यांदा घरी यायची व्हती. सकाळी वाल्मीकनं डॉक्टरांच्या गाडीचं बॉनेट साबनाच्या पान्यानं धुतलं, मला म्हनला, "वैनी, मी स्टँडवर जातो, गाडी येईल," आन भांग पाडून गेला. बापाचं तोंड असं झालेलं जसं त्यालाच कुनी न्यायला येनार हाय. मालक कुना गिऱ्हाइकाकडं गेलेले. ते जाताना मला बॉनेट घासायला सांगून गेले. मला घरात सांजा करायचा, भाकरतुकडा काढून ठेवायचा, पाळन्याला दोरी बांधायची, आन हितं हे बॉनेट. दोन तास घासलं तर हातभर पिवळा निघालेला.

पुढचं तू ऐकलेलं असं हाय: वाल्मीकनं चुकून साबनाच्या पान्याऐवजी हिरव्या डब्यातलं पानी लावलं, बॉनेट जळालं, मालक चिडले, भावाभावात बिनसलं. असंच ऐकलंयस ना? त्यानं बी तुला असंच सांगितलं असंल. तो खोटं बोलत न्हाई.

झालं असं की तुमी अजून आला न्हवता आन मालक परतले. बॉनेट बघितलं. रंग फोडागत फुगलेला, आन खाली फायबर भिजल्या पापडागत मऊ. बोट टेकलं तर बोट उठायचं. मी आत पाळन्यापाशी व्हती. तेवढ्यात तुमी आला. मी भाकरतुकडा घेऊन दारात आली, दिशाला ओवाळली, तुज्या पायावर पानी घातलं, आन तिकडनं मालक वरडले, "बॉनेटला पानी कोनी लावलं?"

वाल्मीक उंबऱ्यातच व्हता, दिशाची दुपटी खांद्यावर. तो म्हनला, "मी लावलं, दादा."

कळलं का तुला लीला? तो साबनाचं म्हनत व्हता. सकाळी धुतलं ते. त्याला बॉनेट अजून दिसलं बी न्हवतं. मालकांना ऐकू आलं ते हिरव्या डब्याचं. तो आत गेला, बॉनेट बघितलं, आन मग त्याचं तोंड उतरत गेलं ते मी बघितलं. साबनाचं पानी आन हिरव्या डब्यातलं वतून घ्यायची दोन्ही डबडी शेजारी शेजारीच असायची, तेलाच्या डब्याची कापलेली, एकसारखी. त्यानं इचार केला असंल, मी कुठलं उचललं? पोरीच्या नादात कुठलं उचललं? मी घरातच गुतलेली, बॉनेटकडं अजून वळली बी न्हाई, असं दोघांना वाटलं असंल. मालक रस्त्यावरच्या मानसांना ऐकू जाईल असं बोलत व्हते. बाप झालास तर डोकं कुटं ठेवलंस, म्हनले. हातगुन म्हने, म्हनले. ह्याच्या हाताला आग लागो, म्हनले. तो बॉनेटकडं बघत ऱ्हायला. दुपटी खांद्यावर तशीच.

मी ताट घेऊन उभी.

संध्याकाळी बोलू म्हटलं. मालक निवले की बोलू. संध्याकाळी तू दिशाला घेऊन बसलेली, मला म्हनलीस, "अक्का, ते जेवत न्हाईत." मी म्हटलं, भूक लागली की जेवंल. चार दिसांनी तुमी माणला गेलात, तुज्या माहेरी, थोडे दिस म्हनून. त्याच वर्सी तितं कंपन्यांची कामं निघाली, त्याला गेटवर लावून घेतलं, आन थोडे दिस संपलेच न्हाईत. मी म्हटलं, चला, पगार तरी मिळतोय, रंगाचा धूर छातीत जात न्हाई. असं मी सवताला किती वर्सं सांगितलं म्हनतीस? मला पाठच हाय ते.

आता ह्या आठवड्याचं सांगते. दरवाजे, डिकी, समदं घासून झालं, भेगा उकरून भरल्या, बॉनेट मागं ठेवलेलं. मनात भीतीच व्हती. सोमवारी घेतलं. मरून गेला, खाली पुट्टीचा जाड थर. मालकांनी भरलेला. लीला, मालकांनी आयुष्यात सवता पेपर घासला न्हाई, ते आपलं काम. पन हे बॉनेट तेवढं त्यांनी मागच्या शेडमधी नेऊन, दार लावून, एकट्यानं केलं व्हतं. मी ठोकळा घेऊन गेली तर म्हनले, "तू ऱ्हाऊ दे. हे मी बघतो." मला वाटलं भावावरचा राग हाय, कुनाचं तोंड बघायचं न्हाई त्यांना.

पुट्टी उतरवत काचेच्या बाजूला आली. मधे जितं जास्त खाल्लेलं तितं त्यांनी नवं फायबर घातलेलं. पन काचेच्या कडंला नुसती पुट्टी. ती निघाली आन खाली पट्टे दिसले. ब्रशाचे. पानी जितं भरल्या ब्रशानं टेकतं तितं खोल खातं, आन ब्रश रिकामा होत जातो तसं पुसट. उजव्या हाताचा मानूस डावीकडनं सुरू करतो. हे समदे पट्टे उजवीकडनं सुरू झालेले. सात पट्टे. उजवीकडं खोल, डावीकडं पुसट.

मी पेपर खाली ठेवला.

मला ते बघून कळायचं काय व्हतं? मला तर ठाऊकच व्हतं. वाल्मीक स्टँडकडं गेला, मला घाई झाली, दोन तासात हातभर पिवळा, आन मी म्हटलं पाच मिनटं लावते, लगेच पुसते, कुनाला कळतंय. हिरवा डबा उघडला, सात पट्टे मारले, आन आत दूध उतू गेलं. दुधापाशी गेली ती पाळन्याच्या दोरीत अडकली. आली तवा रंग फुगलेला. फडक्यानं पुसलं तर फडक्याला फायबर लागून आलं. ब्रश मी नाल्यात टाकला. एवढं मी बावीस वर्सं उराशी धरून व्हती, मला वाटायचं मी एकटीच.

मी एकटी न्हवती. मालकांनी ते बॉनेट खरडलं, त्यांनी हे पट्टे बघितले. ज्याला माझी घास लांबनं वळखू यायची, त्याला हे कळलं न्हाई असं कसं व्हईल? म्हनून दार लावून घेतलं. म्हनून "तू ऱ्हाऊ दे." तवा तुमी माणला जाऊन आठ दिस बी झाले न्हवते. एक फोन करायचा व्हता, एस.टी. पकडायची व्हती. त्यांनी पुट्टी भरली. त्यावर मरून मारला. अठरा वर्सं माज्या हातचं जेवले, दवाखान्यात माझा हात धरून गेले, आन एक शब्द बोलले न्हाईत. मला राखायला भाऊ घालवला. मी म्हटलं असतं का तसं करा? मी व्हय बी म्हटलं न्हाई, आन नको बी म्हटलं न्हाई. मी गप, ते गप. दोघं एकमेकांपासनं एकच गोष्ट लपवत एका ताटात जेवत व्हतो.

सोमवारपासनं मला त्यांचा राग येतोय. आता कुनाशी भांडू? फोटोशी? चार वर्सं झाली जाऊन. आन राग कशाचा करू, माझ्याच सात पट्ट्यांवर त्यांनी पुट्टी भरली. इलाहीभाई इचारतात, रंभाताई बॉनेट का थांबलं? अनुष्का इचारती, काकू प्रायमर कधी? मी दोघांना म्हनती, फायबर वाळतंय. वाळून कधीच झालंय.

आता हे का लिहिलं ते. रंगाला दुसरा मानूस मिळंल, पिरंगुटला दहा हायेत, गाडी निमित्त. वाल्मीकला हे पत्र वाचून दाखव. त्याच्या हातात देऊ नको, वैनीचं पत्र म्हटलं की "खुशाल हाय ना?" म्हनून घडी घालून ठेवंल. तू वाच, मोठ्यानं वाच, आन वाचताना मला सांभाळून घेऊ नको, मधलं काय गाळू नको. मालकांनी सांभाळलं तेवढं बास झालं. त्याला कदाचित पटनार न्हाई. म्हनंल, वैनी माझ्यापायी सवतावर घेतीय. म्हनून मी बॉनेट तसंच ठेवलंय. पुट्टी भरली न्हाई, भरनार बी न्हाई, पोरगी कितीबी फोन करू दे. त्याला म्हनावं रंग मारू नको, मला माफ बी करू नको, नुसता येऊन त्या पट्ट्यांवर बोट फिरव. शब्दावर इश्वास न्हाई ठेवला तरी चालंल, त्याला रेघ वाचता येती. हात कुनाचा ते त्याचं त्यालाच कळंल. तो आत बघंतोवर मी भाईर बाकड्यावर बसंन. मग त्याला काय बोलायचं ते बोलू दे, बोलायचं नसंल तर एस.टी. धरून जाऊ दे. पन एकदा त्यानं ते बघितल्याबगर मी वर प्रायमर चढवनार न्हाई.

तुझीच,
रंभा